विनायंत्र उड्डाण आणि कौशल्याची कसोटी

भोपाळपासून रायसेनपर्यंत पसरलेल्या वालुकाश्माच्या टेकड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. उन्हे चांगली वर येईपर्यंत हे पक्षी कड्याच्या कपारींत निमूटपणे बसून असतात. त्यांना भूक नसते असे नाही. ते वाट पाहत असतात. खडक तापला आणि त्याच्या अंगची हवा तापून वर चढू लागली, की एखादे गिधाड पंख पसरून स्वतःला कड्यावरून झोकून देते, आणि पंखांची फडफड न करता घिरट्या घेत घेत पाहता पाहता आभाळात ठिपक्याएवढे होते. पंख हलविण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी आहेच. पण जड देहाच्या पक्ष्याला ते फार महाग पडते. म्हणून ते सामर्थ्य राखून ठेवावे आणि वाऱ्याकडून जेवढे मिळेल तेवढे घ्यावे, हा गिधाडाचा हिशेब असतो.

हाच हिशेब माणसाने ग्लायडरच्या रूपाने आत्मसात केला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दोराने किंवा दुसऱ्या विमानाने ओढून ते वर नेले जाते, तेथे सोडून दिले जाते, आणि त्यानंतर वैमानिकाचे कौशल्य व आभाळाची कृपा यांवाचून त्याला अन्य आधार उरत नाही. पुढे या विमानात लहानसे इंजिन बसविण्यात आले आणि मोटारग्लायडर अस्तित्वात आले. तेव्हापासून या छंदाच्या उपासकांत एक वाद चालू आहे. खरी कसोटी कोणाची? ज्याच्याजवळ इंजिनच नाही त्याची, की ज्याच्याजवळ ते असूनही जो ते वापरीत नाही त्याची? वाद वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. परंतु कौशल्य म्हणजे नेमके काय, आणि ते शिकविण्याची संधी किती तरुणांना मिळावी, हे दोन गंभीर प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

वादात शिरण्यापूर्वी ग्लायडर वर कसे टिकते हे समजून घेतले पाहिजे. स्थिर हवेत ग्लायडर सतत खाली येत असते. फक्त ते फार हळू खाली येते. चांगले ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्ची घालून तीस ते चाळीस किलोमीटर अंतर कापते. सर्वांत मोठ्या पंखांची ग्लायडरे साठ किलोमीटरांपर्यंत मजल मारतात. मात्र दूर जायचे तर खर्ची पडलेली उंची पुन्हा मिळविली पाहिजे, आणि ती वर चढणाऱ्या हवेतच मिळते. सूर्याने जमीन तापते, जमिनीने हवा तापते, आणि भोवतालच्या हवेहून उष्ण झालेला हवेचा लोट वर निघतो. चढताना तो दर शंभर मीटरांस सुमारे एक अंश निवतो. जोवर तो भोवतालच्या हवेहून उष्ण असतो तोवर चढत राहतो. या लोटाला वैमानिक थर्मल म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा माग घ्यावा लागतो तो माथ्यावर जमलेल्या पांढऱ्या ढगावरून, घिरट्या घालणाऱ्या घारींवरून, शेतातून उठलेल्या धुळीच्या भोवऱ्यावरून, आणि खुर्चीला खालून बसणाऱ्या हलक्याशा धक्क्यावरून.

माळव्याच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत हा खेळ रंगतो. गव्हाची कापणी होऊन काळी जमीन उघडी पडलेली असते, उन्हाने ती भेगाळलेली असते, आणि दुपारी पारा चाळिसाच्या घरात जातो. परंतु याच मुलखात भोपाळच्या पश्चिमेला सुमारे एकतीस चौरस किलोमीटरांचा मोठा तलाव पसरलेला आहे. परंपरा त्याचे श्रेय अकराव्या शतकातील राजा भोजाला देते. शहराची तहान भागविणारे हे पाणी ग्लायडरच्या वैमानिकाला मात्र बहुधा प्रतिकूल असते. पाणी जमिनीच्या मानाने फार सावकाश तापते, म्हणून त्याच्यावरची हवा दुपारी वर उठत नाही. एकच सूर्य, एकच दुपार. पण शेतावर चढ आणि तलावावर उतार! भूमीची ही लिपी वाचणे हाच ग्लायडरच्या वैमानिकाचा पहिला धडा.

हा धडा माणूस फार मोल देऊन शिकला. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने करकोच्यांचे उड्डाण वर्षानुवर्षे न्याहाळले, आणि 1891 पासून स्वतः बनविलेल्या पंखांनी टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. 1896 च्या ऑगस्टमध्ये अशाच एका उड्डाणात तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा तेथील तरुण इंजिनाविनाच उडू लागले. 1920 मध्ये र्‍होन पर्वतातील वासरकुप्पे या माथ्यावर त्यांनी पहिली स्पर्धा भरविली. दोनच वर्षांनी तेथील ग्लायडरे तासाहून अधिक काळ हवेत राहू लागली. 1929 मध्ये ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट क्रोनफेल्ड याने इंजिनाविना शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. विमान चढते आहे की उतरते आहे हे दाखविणारे व्हेरिओमीटर नावाचे यंत्र त्याच्या हाताशी होते. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते त्या यंत्राची सुई सांगू लागली. एका परीने इंजिनच्या शक्तीला बंदी झाली म्हणूनच ही कला जन्मास आली. त्यामुळे तिच्या निष्ठावंतांना इंजिनविषयी अढी असावी यात नवल नाही.

भारतात ही विद्या सरकारी आश्रयाने वाढली. पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमानवाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र उभे राहिले, आणि अनेक मराठी तरुणांनी आभाळाशी पहिली ओळख तेथेच करून घेतली. दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरील खात्याच्या तांत्रिक केंद्राने भारतीय बनावटीची ग्लायडरे तयार केली. एस. रामामृतम् यांनी आखलेले ‘अश्विनी’ 1958 मध्ये उडाले, दोन आसनांचे ‘रोहिणी’ 1961 मध्ये, आणि एका आसनाचे ‘कार्तिक’ 1963 मध्ये. ‘भरणी’, ‘मृगशीर’ आणि ‘आर्द्रा’ हीही त्याच कुळातील नावे. पंचांग पाहणाऱ्यास हा क्रम सांगण्याची गरज नाही. नक्षत्रमालेतील पहिली सहा नक्षत्रे अशा रीतीने पुन्हा आभाळात गेली. शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो, तसा ग्लायडरचा वैमानिक उन्हाच्या झळांची वाट पाहतो. दोघांचेही भाग्य शेवटी ऋतूंवरच अवलंबून.

इंजिनचा प्रवेश मात्र समजतो तेवढा अलीकडचा नाही. इंग्लंडमध्ये 1935 सालीच ग्लायडरच्या पाठीत मिटवून ठेवता येईल असे लहान इंजिन बसविण्याचा प्रयोग झाला होता. 1963 मध्ये जर्मनीतील शायबे यांचे ‘फाल्के’ हे मोटारग्लायडर प्रथम उडाले, आणि त्यानंतर या जातीचा प्रसार झपाट्याने झाला. आज दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. एकाचा पंखा नाकावर कायमचा असतो आणि ते साध्या विमानासारखे धावपट्टीवरून उठते. दुसऱ्याचे इंजिन काम झाल्यावर पाठीच्या कप्प्यात मिटून जाते. एकदा ते मिटले की दोन जातींमधला भेद दुरून कळणेही कठीण.

मग भेद कोठे पडतो? तो समजण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. एप्रिलमधील एका दुपारी दोन वैमानिक सीहोरच्या बाजूने बैरागढच्या विमानतळाकडे परतत आहेत. विमानतळ अजून वीस किलोमीटर दूर आहे आणि दोघेही जमिनीपासून सातशे मीटर उंचीवर आहेत. दोघांची विमाने एका किलोमीटर उंचीत तीस किलोमीटर जाणारी. कागदावर हिशेब बसतो. वीस किलोमीटरांस सुमारे 670 मीटर उंची पुरते. पण कागदावर समोरचा वारा नसतो, वाटेत खाली बसणारी हवा नसते, आणि उतरण्यापूर्वी विमानतळावर वळसा घेण्यासाठी निदान दोनशे मीटर हाताशी असावे लागतात हेही कागद सांगत नाही. आता उजव्या हाताला तलावाची शांत, थंड हवा आहे. डावीकडे कापणी झालेली शेते आहेत; तेथे थर्मल मिळेल, पण तिकडे वळल्यास वाट लांबते. ऊन कलू लागले आहे, आणि प्रत्येक मिनिटाला उंची कमी होत आहे.

ज्याच्याजवळ इंजिन नाही त्याने पाचशे मीटरांवरच खाली एखादे शेत हेरले पाहिजे. वाऱ्याची दिशा कोणती, जमिनीचा उतार कोणीकडे, विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत, विहीर किंवा बांध मध्ये येतो काय, हे सारे त्याने वरूनच ठरविले पाहिजे. तीनशे मीटरांखाली मन बदलण्याची मुभा नाही. एकदा वळण घेतले की उतरणे हेच प्राक्तन. चुकले तर पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा प्रयत्न करता येत नाही. आणि सुखरूप उतरला तरी भोवती जमलेल्या गावकऱ्यांना सर्व हकिकत सांगत, सुटे करून नेणाऱ्या गाडीची वाट पाहत, संध्याकाळ त्या शेतातच काढावी लागते. त्याच्या सोबत्यालाही शेत हेरावे लागते. पण त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात एक कळ आहे. ती दाबली की पंखा फिरेल आणि तो चहाच्या वेळेला घरी पोहोचेल.

निष्ठावंत म्हणतात, सारे अंतर त्या कळीत आहे. कळ दाबली नाही तरी ती आहे ही जाणीव निर्णयाचा पोत बदलते. ज्याला माघारीची वाट आहे त्याचे धैर्य आणि ज्याला ती नाही त्याचे धैर्य एका तराजूत तोलता येत नाही. आरंभाच्या बाबतीतही तेच. विंचच्या दोराने वर गेलेल्या ग्लायडरला बहुधा तीन-चारशे मीटर उंची मिळते. सेकंदाला एक मीटर या गतीने ती उतरत असता पाच-सहा मिनिटांत थर्मल सापडला नाही, तर उड्डाण संपले. मोटारग्लायडरचा वैमानिक हवे तेथे, हवे तितके वर जाऊन आपला पहिला थर्मल शोधू शकतो. परीक्षेतील पहिलाच कठीण प्रश्न त्याला माफ असतो.

हा युक्तिवाद बळकट आहे. पण संपूर्ण नाही. इंजिनवर भरवसा ठेवणारा खरोखरच निर्धास्त असतो काय? मिटलेले इंजिन तासन्‌तास थंड पडलेले असते. ते बाहेर काढावे लागते, आणि बाहेर आले पण सुरू झाले नाही, तर त्याच्या अडथळ्याने विमानाचा उतरण्याचा वेग पुष्कळच वाढतो. ज्या शेतापर्यंत क्षणापूर्वी सहज पोहोचता आले असते ते एकाएकी दूर जाते. इंजिन सुरू होईलच या विश्वासाने शेत न हेरणाऱ्यांना अपघात घडले आहेत. म्हणून जाणते शिक्षक सांगतात, की कळ दाबण्यापूर्वी उतरण्याचे शेत पायाखाली असलेच पाहिजे. म्हणजेच मोटारग्लायडरच्या वैमानिकाला शुद्ध ग्लायडरची सारी विद्या हवीच, आणि त्यावर एक जास्तीची शिस्तही हवी. ती अशी की हाताशी असलेले साधन नाहीच असे समजून वागायचे. मोहापासून दूर असलेल्याचा संयम आणि मोह समोर असताना पाळलेला संयम यांत दुसरा हलका ठरविण्याचे कारण नाही.

स्पर्धेच्या नियमांनीही हा प्रश्न समजुतीने सोडविला आहे. उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रात इंजिनचा आवाज टिपण्याची सोय असते. इंजिन सुरू झाल्याची नोंद मिळाली, की ते ग्लायडर त्याच ठिकाणी उतरले असे धरले जाते. पुढचे अंतर मोजले जात नाही. गुणांच्या दृष्टीने कळ दाबणे म्हणजे शेतात उतरणेच. नियम अंतर मोजू शकतो. छातीतील धडधड मात्र त्याला मोजता येत नाही.

मोठ्या विक्रमांचा इतिहास पाहिला तर दोन्ही बाजूंना आपापला साक्षीदार सापडतो. 25 एप्रिल 1972 रोजी हान्स-वेर्नर ग्रोसे याने इंजिन नसलेल्या ग्लायडरने जर्मनीतील ल्यूबेक येथून निघून फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला बिआरित्झ गाठले. हे अंतर 1460 किलोमीटरांहून अधिक. इतक्या पल्ल्यात माघारीचे दोर त्याने निघतानाच कापलेले होते. उलट 21 जानेवारी 2003 रोजी क्लाउस ओल्मान याने अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर तरंगत एका दिवसात तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापले, ते मोटारग्लायडरमधून. त्या निर्जन डोंगराळ मुलखात शेते क्वचितच सापडतात. तेथे इंजिन सोबत असणे हा दुबळेपणा नव्हता, शहाणपणा होता. आणि ते मोजलेले अंतर वाऱ्याच्या बळावर कापलेले होते. या दोघांपैकी अधिक कुशल कोण, याचा निवाडा करण्यास बसणारा माणूस बहुधा स्वतः कधी उडालेला नसावा.

तेव्हा कसोटीचे मर्म इंजिन असण्या-नसण्यात नाही. ते वेळेवर आणि अंतिम निर्णय घेण्यात आहे. उंची म्हणजे शिल्लक. ती संपण्यापूर्वी कोठे खर्च करावयाची हे ठरविणे, आणि ठरविल्यावर न डगमगता पार पाडणे, ही खरी विद्या. तिचा उपयोग ग्लायडरपुरता राहत नाही याची प्रचीती जगाला आली आहे. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानातील इंधन आकाशातच संपले. कप्तान रॉबर्ट पिअर्सन ग्लायडरचा अनुभवी वैमानिक होता. तिरप्या चालीने उंची घालविण्याची ग्लायडरची युक्ती त्याने त्या प्रचंड विमानावर वापरली, आणि गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर ते उतरविले. विमानातील सर्व 69 माणसे वाचली. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कजवळ पक्ष्यांच्या थव्याने दोन्ही इंजिने बंद पाडली, तेव्हा चेस्ली सलेनबर्गर याने आपले विमान हडसन नदीत उतरवून 155 जणांचे प्राण वाचविले. त्यानेही तरुणपणी ग्लायडर उडविले होते. दोन्ही प्रसंगी कळ दाबून भागण्यासारखे नव्हते.

येथेच शिक्षणाचा प्रश्न येतो. शिकाऊ वैमानिकाचे पहिले धडे इंजिनाविना व्हावेत, या निष्ठावंतांच्या मताला या घटनांचा आधार आहे. ज्याने पहिल्या दिवसापासून एकाच प्रयत्नात उतरण्याची सवय लावून घेतली, त्याच्या हाडीमांसी तो निर्णय भिनतो. नंतर इंजिन मिळाले तर ते सोबती होते, धनी होत नाही. उलट आरंभीच इंजिनची सवय लागली, तर आभाळ वाचण्याचे कष्ट घेण्याची निकड उरत नाही. विंचभोवतीच्या शिक्षणाचा आणखीही एक लाभ आहे. विंच चालविणारा, दोर आणणारा, पंखाचे टोक धरून धावणारा असे चार सोबती असल्याशिवाय कोणीही उडू शकत नाही. दुसऱ्याला उडविण्यात अर्धा दिवस घालवावा तेव्हा स्वतःची पाळी येते. या पाळीतूनही काही घडते.

परंतु हेच चार सोबती, विंच, मोकळे मैदान आणि शिक्षक यांचा जेथे मेळ बसत नाही तेथे काय करावे? पुण्याला हडपसर लाभले; तसे केंद्र देशातील प्रत्येक शहराला लाभलेले नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एके काळी ग्लायडरवर शिकणारी मुले होती; पुढे तेथे इंजिनच्या हलक्या मायक्रोलाइट विमानांचे महत्त्व वाढले. माळव्याच्या पठारावर उन्हाळ्यात थर्मलची कमतरता नाही. कमतरता आहे ती तेथवर पोहोचण्याच्या साधनांची. अशा ठिकाणी मोटारग्लायडर हे एकच यंत्र विंचचेही काम करते आणि ओढून नेणाऱ्या विमानाचेही. शुद्धतेचा आग्रह जर इतका ताणला, की इंजिन नको म्हणून उड्डाणच नको, तर ती कला शुद्ध राहील खरी, पण शिकणारा राहणार नाही. जिचे शिष्यच उरले नाहीत अशी विद्या कितीही शुद्ध असली तरी तिची कसोटी घ्यावयाची कोणाची?

म्हणून दोन्ही मतांतील सत्य एकत्र आणणारा मार्ग स्वीकारणे इष्ट. जेथे विंच आणि मैदान आहे तेथे पहिले धडे इंजिनाविनाच व्हावेत, आणि ती केंद्रे जिवापाड जपावीत. एकदा मोडलेले असे केंद्र पुन्हा उभे करणे सोपे नसते. जेथे ते नाही तेथे मोटारग्लायडरने दार उघडावे, पण शिक्षकाने सुरक्षित उंचीवर इंजिन बंद करून शिष्याला आभाळाच्या स्वाधीन करावे, आणि धावपट्टी आवाक्यात असता इंजिनला हात न लावता उतरण्याचा सराव द्यावा. हाताशी कळ असताना तिला न शिवण्याची ही सवय ज्याला लागली, त्याची परीक्षा कोणाहूनही सोपी झाली असे म्हणता येणार नाही.

शेवटी पुन्हा त्या कड्यावरच्या पक्ष्याकडे वळावे. दक्षिण अमेरिकेतील काँडोर हा गिधाडांसारखाच जड देहाचा पक्षी. त्याच्या अंगावर नोंदयंत्रे बांधून केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. उड्डाणाच्या एकूण वेळापैकी जेमतेम एक टक्का वेळ हे पक्षी पंख हलवितात, आणि तेही मुख्यतः जमिनीवरून उठताना, असे त्यात आढळले. एक काँडोर तर पाच तासांहून अधिक काळ पंख न हलविता सुमारे 172 किलोमीटर फिरला. म्हणजे निसर्गाने आपल्या सर्वांत निष्णात तरंगणाऱ्याला इंजिन नाकारलेले नाही. ते दिले आहे, आणि ते कधी वापरू नये याची समजही दिली आहे. माणसाला यंत्र बनविता आले. ती समज मात्र बनविता येत नाही. ती प्रत्येकाने वाऱ्यावर बसूनच मिळवावी लागते.